गुरांतले घोडे

घोडा हे जनावर मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मूळची झाईची, मांगेल्यांची पोर. आमच्या घरी होडी, जाळं आणि बोंबील. ज्याला पोहता येतं पण मासा धरता येत नाही, त्या जनावराचा आम्हाला उपयोग काय? तरी दोन घोड्यांपायी आणि एका शिंगरापायी मी एका वर्षात डहाणूला इतक्या खेपा घातल्या, की एसटीचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचा, "काय ताई, घोडे बरे आहेत ना?" मेला टवाळ.

माझं नाव सुषमा. सासर झाईच्या अलीकडे, डहाणू तालुक्यात, समुद्राला लागून. ग्रामपंचायतीत मी दुसऱ्यांदा निवडून आले. लोक म्हणतात सुषमाचं तोंड वाईट. वाईट नाही, मोठं आहे, आणि ते गावाच्या कामाला येतं. पण ही गोष्ट माझी नाही, नवशीची आहे. तिला स्वतःची गोष्ट सांग म्हटलं तर ती दोन वाक्यांत उरकेल, म्हणून मी सांगते.

नवशीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. २०१४ चा हिवाळा होता. किनाऱ्यावर बांबू बांधून मी बोंबील वाळत घातले होते, आणि एक तपकिरी घोडा कशाला तरी बुजला आणि थेट माझ्या बांबूंवर आला. बोंबील वाळूत. घोड्याची दोरी धरून एक काळीसावळी, किडकिडीत वारली बाई मागून धापा टाकत आली. मी जे सुरू केलं ते घोड्यापासून त्याच्या सात पिढ्यांपर्यंत गेलं. ती ऐकत राहिली. मग घोडा सुरूच्या झाडाला बांधला, खाली बसली, एकेक बोंबील उचलला, खाऱ्या पाण्यात खळबळून काढला, बांबू पुन्हा उभे करून बांधले आणि सगळे बोंबील होते तसे लावले. तोवर मी कमरेवर हात ठेवून उभी. शिव्या द्यायला काही शिल्लकच ठेवलं नाही तिने. शेवटी मी म्हटलं, "चहा घेणार का गं?" तेव्हापासून ती माझ्या गळ्यात पडली की मी तिच्या, देव जाणे.

तो घोडा खोदाशेठचा. खोदाशेठ म्हणजे आमच्याकडचे जुने इराणी, त्यांची चिकूची मोठी वाडी. चिकूला भाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी वाडीत एक शेड घातली आणि चिकूची वाइन काढायला लागले. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची, आणि त्याहून जास्त पलीकडची, गुजरातच्या उमरगाव-वापीची. तिकडे दारूबंदी, इकडे ओटीवर खुर्च्या मांडलेल्या. मोठी माणसं वाइनची चव घेत बसली की पोरं कंटाळून रडायची. त्या पोरांसाठी शेठनी दोन घोडे आणले. त्यांच्यासोबत मुंबईहून एक माणूस आणला होता, तो पहिल्या पावसाळ्यातच चिखलाला वैतागून पळाला. घोडे उपाशी ओरडायला लागले. नवशी तेव्हा वाडीत चिकू उतरवायला जायची. तिने टोपली खाली ठेवली आणि घोड्यांपुढे गवत टाकलं. झालं, घोडे तिचे.

तिच्या सात पिढ्यांत कोणी घोडा पाळलेला नव्हता. त्यांच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात, त्यात घोड्यावर बसलेला देव असतो, तेवढीच घोड्याची ओळख. म्हणून तिने सरळ बैलांसारखं वागवायला घेतलं. बैलाला जी हाक तीच घोड्याला. शेठनी इंग्रजी नावं ठेवली होती, ती हिच्या जिभेवर बसेनात. हिने घोड्याचं नाव ठेवलं बाळ्या आणि घोडीचं रूपी. मुंबईचा पोरगा ऐटीत विचारायचा, "इस घोडे का नाम क्या है?" आणि नवशी तितक्याच ऐटीत सांगायची, "बाळ्या." पावसाळ्यात पोरांना फिरवायच्या फेऱ्या बंद, तेव्हा ती दोघांना पाड्याच्या गुरांबरोबर चरायला सोडायची. लहान्या गुराखी नको नको म्हणायचा, ती ऐकायची नाही. दोन वर्षांनी रूपीला शिंगरू झालं, ते शेठनी नवशीलाच देऊन टाकलं. फेऱ्यांच्या पैशातही तिची निम्मी पाती.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात एवढं काय? एवढं हे, की घोडे येईपर्यंत नवशीचं घर दर वर्षी दिवाळीनंतर बंद व्हायचं. भात कापून झालं की नवरा सुक्या, ती, दोन पोरं आणि सासू सुकी, सगळे वीटभट्टीवर. दाराला काट्याची फांदी लावायची आणि जायचं ते आभाळ भरून येईपर्यंत. सासरा भट्टीवरच गेला. तिथेच कुठे खाडीकाठी जाळला. दिवस घालायला पाड्यातलं माणूस नाही, गाणं म्हणायला कोणी नाही. सुकीने ते मनातून काढलंच नाही. म्हातारीचं एकच म्हणणं, मला घरी मरू द्या, तिकडे मेले तर माझा जीव घर हुडकत फिरेल. पण एकट्या म्हातारीला घरी ठेवून जाणार कसं? घोडे आले, नवशीला बारमाही काम लागलं, सुक्या धाकटी डहाणू गावच्या एका होडीवर जायला लागला, आणि घर उघडं राहिलं. सुकी दारात बसून वाल निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमचा आता इथंच." घोडे गेले तर परत भट्टी, आणि म्हातारीचं वय बघता ती ह्या वेळी परत येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

आणि २०१७ च्या पावसाळ्यात घोड्यांवर गदा आली.

आमचा तालुका म्हणजे नकाशावर रंगवलेला तालुका. कुठे काय बांधायचं, कुठला धंदा चालेल, कुठला नाही, ते रंगावर ठरतं. चिकूच्या वाड्या हिरव्यात. हिरव्यात शेती करा, शेतीला लागेल ते बांधा, बाकी हात लावायचा नाही. मी ह्या नियमाच्या बाजूची आहे बरं का. तो नसता तर आज आमच्या किनाऱ्याला कारखान्यांच्या चिमण्या उभ्या असत्या. पण खोदाशेठच्या शेजारी मुंबईच्या एका साहेबांनी बंगला घेतला, आणि त्यांना शनिवारचं गाणं, रविवारच्या गाड्या आणि सोमवारची लीद, तिन्हींचा त्रास व्हायला लागला. त्यांनी तक्रार केली की हिरव्या पट्ट्यात दारूचा कारखाना आणि घोडेस्वारीचा क्लब चालतो. गाण्याचा त्रास खरा होता, मी खोटं बोलणार नाही. मलाही घरी ऐकू यायचं. पण क्लब? नवशीचा क्लब? मला हसावं की रडावं कळेना.

डहाणूहून, त्या नकाशाच्या ऑफिसातून, नोटीस आली. शेठनी वकील लावला. वकिलाने शेडीचे कागद बघितले, ओटी बघितली, आणि शेवटी म्हणाला, घोडे आपणहून काढून टाका, म्हणजे वाइनचं काम सोपं होईल. शेठ माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही, पण थकलेला. म्हणाले, "सुषमाबेन, बन्ने साथे नथी बचवाना, दोन्ही नाय वाचणार. एक वाचवायचं तर वाइन वाचवतो. वाइनवर बारा माणसं जेवतात."

"आणि घोड्यांवर?" मी म्हटलं.

ऊन नव्हतं तरी शेठ टोपी काढून कपाळ पुसत बसले.

मी दुसऱ्याच दिवशी डहाणूला गेले. त्या ऑफिसात प्रविण नावाचा क्लार्क आहे, आमच्या गावचा जावई. तिथे जावईपण चालत नाही, पण बसायला खुर्ची मिळते. मी विचारलं, "मला सरळ मराठीत सांग. काय चालतं, काय नाही?"

"ताई, शेतीच्या जनावरांचा गोठा चालतो," तो म्हणाला. "घोडेस्वारीचा धंदा नाही चालत."

"मग घोडा हे शेतीचं जनावर की धंद्याचं?"

प्रविणने वर पंख्याकडे बघितलं. "ते कुठेच लिहिलेलं नाही. मॅडम स्वतः येऊन बघतील. कुठे चरतात, कोण राखतं, लीद कुठे जाते, ते बघून ठरवतील. मॅडम कडक आहेत, पण बघतात नीट. फक्त त्या येतील तेव्हा जनावरं जागेवर पाहिजेत. जनावरं नसली तर लपवली असं धरतात आणि विषय संपतो."

तारीख मिळाली, दिवाळीच्या तोंडावरचा सोमवार. मी नवशीला सांगितलं. आदल्या दिवशी परत सांगितलं. संध्याकाळी तिसऱ्यांदा सांगितलं, "नवशे, उद्या अकराला मॅडम येणार. बाळ्या, रूपी, शिंगरू, तिघे गोठ्यात. कुठे हलायचं नाही. कळलं?" ती म्हणाली, "कळलं ताई." गोठा झाडून शेणाने सारवलेला होता. माझा जीव जरा शांत झाला.

सोमवारी अकराला सरकारी जीप आली. वर्षा मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पायात बूट, हसू नावालाही नाही. प्रविण फाइल घेऊन मागे. शेठ, वकील, बंगलेवाले साहेब, सगळे हजर. आधी वाइनची शेड झाली. फळ कुठलं, पाणी कुठे जातं, ओटी कधी बांधली, एकेक विचारलं. मग आम्ही गोठ्यावर गेलो.

गोठा रिकामा.

दावणी तिथे, गवत तिथे, बादलीत पाणी तिथे. घोडे नाहीत, शिंगरू नाही, नवशी नाही. बंगलेवाले साहेब म्हणाले, "बघा मॅडम, मी म्हटलंच होतं, लपवणार." वकिलाच्या चेहऱ्यावर तर सुटका झाल्यासारखं दिसलं. मॅडमनी पेन काढलं.

मी पळत नवशीच्या घरी. सुकी दारात बसलेली, पांढऱ्या केसांना तेल लावून. मी ओरडले, "आये, घोडे कुठे?"

"वाघाकडं," ती म्हणाली.

"कुठल्या वाघाकडे?"

"आज बारस नाय का?" म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं, की हिला कोणी निवडून दिलं ग्रामपंचायतीत.

मी कपाळावर हात मारला. वाघबारस. आमचा मांगेल्यांचा सण नारळी पुनवेचा, वाघाशी आमचा काय संबंध, माझ्या डोक्यात आलंच नाही. ह्यांच्याकडे त्या दिवशी पाड्यातलं प्रत्येक जनावर शिवेवरच्या वाघदेवापुढे नेऊन उभं करतात. हे माझं, ह्याला हात लावू नको, असं वाघाला दाखवायचं. जे जनावर दाखवलं नाही त्याला वर्षभर वाघाची भीती. आमच्याकडे वाघ कोणी बघितलेला नाही, बिबट्या येतो कधीमधी. पण वाघदेवाला ते कोण सांगणार?

मी परत आले आणि मॅडमना जसं होतं तसं सांगितलं. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. वकील म्हणाला, त्याला गाडीत एक फोन करायचा आहे. बंगलेवाले साहेब हसले. मॅडमनी विचारलं, "किती लांब?"

"ओहोळ ओलांडून टेकाडापर्यंत. चालायला लागेल."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "चला."

टेकाडावर सागाच्या झाडाखाली वाघदेव, लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. पुढे पाड्याची झाडून सगळी गुरं, शिंगांना गेरू लावलेला. गुराख्यांनी तीन दगडांवर नव्या तांदळाची खीर चढवलेली. आणि दोन बैलांच्या मध्ये, अगदी रांगेत, बाळ्या. त्याच्या पलीकडे रूपी, तिच्या पोटाशी शिंगरू. शिंगं नाहीत म्हणून नवशीने त्यांच्या कपाळाला गेरू फासला होता आणि पाठीवर हाताचे पंजे उठवले होते. बाळ्या बैलाच्या कानाशी तोंड नेऊन उभा, जसा कायमचा तिथलाच.

नवशीने मला बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तू पण आलीस? बेस झालं."

मग माझा बांध फुटला. "नवशे, तुला तीनदा सांगितलं. तीनदा. अकराला मॅडम येणार म्हणून. अक्कल गहाण टाकलीस का?"

"सांगितलंस," ती म्हणाली. "पण मॅडम उद्या पण येतील. बारस उद्या नाय."

माझ्या मागेच मॅडम उभ्या. प्रविणने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. मॅडम पुढे गेल्या आणि लहान्यासमोर उभ्या राहिल्या. लहान्या गुराखी म्हणजे पाड्यातला सगळ्यात कुरकुऱ्या माणूस.

"हे घोडे तुमच्या गुरांत असतात?" मॅडमनी विचारलं.

लहान्याला असा प्रश्न विचारणारं माणूस किती वर्षांनी भेटलं होतं कोण जाणे. तो सुटलाच. "असतात म्हंजे? सगळा पावसाळा माझ्या डोक्यावर. ढोर सरळ चालतं. हे मधीच पळतात. हा काळतोंड्या माझ्या पिशवीतली भाकर खातो. मी हिला बोललो, ह्यांच्या राखणीचं भात डबल दे. देत नाय."

नवशी तिथूनच म्हणाली, "डबल कशाला? पाय तर चारच हायत."

"पण पळतो किती?"

"म्हंजे तुलाच बरं, हिंडायला मिळतं."

"एका जनावरामागे किती भात घेता?" मॅडमनी लहान्याला विचारलं. त्याने माप सांगितलं. "आणि घोड्यांचं?" तेच माप, सालोसाल, असं तो कपाळाला आठ्या घालून बोलला. मग मॅडम नवशीकडे वळल्या. लीद कुठे जाते? शेठच्या चिकूंना आणि माझ्या वालाला. उन्हाळ्यात चारा? मीच कापते. वाडीत फेऱ्या मारता? "नाय बाई," नवशी म्हणाली, "झाडांच्या मुळ्या वर आल्यात, पाय मोडेल जनावराचा. शनवार-रयवार खाली वाळूत." मॅडमनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

निघायला वळल्या तर लहान्याने पळसाच्या पानावर खीर आणून पुढे धरली. मॅडम म्हणाल्या, ड्युटीवर आहे, चालत नाही. लहान्या म्हणाला, "वाघाच्या जागी आलेला माणूस खाल्ल्याबिगर गेला तर वाघ वाटंला मागे लागतो. मग मला बोलायचं नाय." मॅडमनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, पान घेतलं आणि उभ्या उभ्या सगळी खीर संपवली. खाली आल्यावर गोठा परत बघितला आणि पहिल्यांदा रागावल्या. मुताचं पाणी सरळ ओहोळात जातं, शोषखड्डा नाही, हे अजिबात चालणार नाही. नवशी मान हलवत होती. "बाकी कळवू," एवढं म्हणून जीप गेली.

"कळवू" हा शब्द मला घोड्यांहूनही नावडता आहे.

दिवाळी गेली. भात कापून झालं. कळवलं काही नाही. इकडे वकिलाने शेठचं डोकं खाल्लं, आणि एक दिवस तलासरीच्या हायवेने घोड्यांचा व्यापारी आला. बाळ्याचं तोंड उघडून दात बघितले, रूपीचे खूर उचलले, शिंगराला हात लावायला गेला तेव्हा नवशी मध्ये उभी राहिली. "हा माझा," म्हणाली. व्यापारी सोमवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं. शिंगरू एकटं ठेवून ती जगणार कशावर? त्याच संध्याकाळी नवशीने वीटभट्टीच्या मुकादमाला निरोप धाडला, यंदा आम्ही पण. मी तिच्या घरी गेले तर सुकी भांडी वेगळी काढत होती, न्यायची एका बाजूला, ठेवायची एका बाजूला. माझ्याकडे बघितलंही नाही. मला तिथे उभं राहवेना.

शुक्रवारी मी पहिल्या एसटीने डहाणूला गेले आणि ऑफिसच्या बाकावर बसले. प्रविण म्हणाला, सही बाकी आहे, मॅडम पालघरला मीटिंगला गेल्यात. मी म्हटलं, मला घाई नाही. घाई नाही म्हणायची आणि बाकावर ठाण मांडायचं, सरकारी ऑफिसात ह्याच्याइतका दुसरा धाक नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शिपाई माझ्या पायाखालून झाडून गेला. ऑफिस बंद व्हायच्या सुमाराला मॅडम आल्या. मला बघितलं, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने प्रविण हातात कागद घेऊन बाहेर आला. त्याचं तोंड बघूनच मला कळलं.

"घोडं गंगेत न्हालं, ताई," तो म्हणाला.

कागदात असं होतं. वाइन स्वतःच्या वाडीतल्या फळाची असेल तोवर चालेल. ओटीवर लाउडस्पीकर नाही, नवीन बांधकाम नाही. तिन्ही घोडे गावच्या गुरांत चरतात, राखणीचं भात देतात, त्यांचं खत शेतीला जातं, म्हणून ते शेतीची जनावरं धरावीत, गोठा राहील. वाडीत घोडेस्वारी नाही. किनारा ह्या ऑफिसच्या हद्दीत येत नाही, त्याबद्दल इथे काही म्हणायचं नाही. शोषखड्डा महिन्याच्या आत.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो आवाज मला ऐकू आला. एसटी स्टँडवर बसून मी रडले. सांगायला लाज कसली? मग दोन वडे खाल्ले, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

आधी शेठकडे गेले. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, परत वाचला, आणि आत जाऊन पहिलं काम काय केलं, तर व्यापाऱ्याला फोन. "ना भाई, नथी वेचवानुं." बाहेर आले तेव्हा डोळे ओले. म्हणाले, "सुषमाबेन, मला बी विकायचा नव्हता. तो वकील माझी झोप खाऊन गेला." मी त्यांना चार शब्द सुनावणार होते. पण त्यांचं तोंड बघून गिळले, आणि हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

नवशी गोठ्यात रूपीला घासत होती. मी म्हटलं, "राहिले."

तिचा हात थांबला. "तिन्ही?"

"तिन्ही. शोषखड्डा खण म्हणजे झालं."

ती होती तिथेच, ओल्या जमिनीवर बसली आणि पदर तोंडावर घेतला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मी पण शेजारी बसले. साडी खराब झाली ती झाली. बाळ्याने माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं, आणि त्या दिवशी मी त्याला ढकललं नाही. शोषखड्डा तिने आणि सुक्याने चारच दिवसांत खणला.

पण मुकादमाला परत निरोप द्यायचा त्या आनंदात राहूनच गेला. पुढच्या आठवड्यात पाड्यात भट्टीचा टेम्पो आला. मी गोठ्याचा खड्डा बघून नवशीकडे आले होते. माणसं सामान चढवत होती, हंडे, गोधड्या, टोपलीखाली कोंबड्या. टेम्पो नवशीच्या दारापाशी येऊन थांबला. ड्रायव्हर जुना, सगळ्यांना ओळखणारा. त्याने खिडकीतून हाक मारली, "चल म्हातारे, पुढं बस. तुझी जागा ठेवलीय."

सुकी काठी टेकत दारात आली. "मी नाय येत," म्हणाली.

"का गं? आजारी हायस का?"

"नाय." म्हातारीने चौकटीला हात लावला. तोंडात दात नाहीत, तरी हसू मावत नव्हतं. "मी घरी मरनार हाय."

पोराचं लग्न ठरल्याचं सांगावं तसं सांगितलं तिने. ड्रायव्हर हसला. मलाही हसू आलं, आणि मग मी टेम्पोत बघितलं. मागे बसलेल्या बायकांतली एकही हसत नव्हती. नवशीच्या शेजारची भिकी तेवढी म्हणाली, "बेस झालं, आये." आणि सरकून तिने आपल्या म्हाताऱ्या सासूला टेकून बसायला जागा करून दिली.